ओटीटीची यादी म्हणजे अर्काइव्ह नव्हे

मागच्या वर्षी माझ्या संशोधन सल्लागार समितीची बैठक होती. पीपीटीची सातवी स्लाइड चालू होती : 'निवडलेले चित्रपट, एकूण २४'. माझा विषय मराठी सिनेमातलं गाव. बाहेरून आलेल्या सरांनी यादी वरून खाली शांतपणे वाचली आणि एवढंच विचारलं, "यात १९९० च्या आधीचे चारच आहेत. चारच का? आणि हेच चार का?"

मी उत्तर दिलं. 'प्रातिनिधिक', 'आशयाच्या दृष्टीनं महत्त्वाचे' असले शब्द आपल्याला पाठच असतात. सरांनी मान हलवली, बैठक पुढे गेली. पण खरं उत्तर वेगळं होतं, आणि ते मला तिथे उभी असतानाच कळलं. ते चार चित्रपट मला परंड्यात घरी बसून मोबाईलवर बघायला मिळाले होते. बाकीचे मिळाले नव्हते. बस्स, एवढाच निकष!

म्हणजे दोन वर्षं मी 'मराठी सिनेमातलं गाव' यावर काम करत नव्हतेच. मी 'ओटीटीवर सापडणाऱ्या मराठी सिनेमातलं गाव' यावर काम करत होते, आणि हे मलाच माहीत नव्हतं.

तुमच्यापैकी अनेक जण सध्या पेट किंवा नेटची तयारी करताय, कुणी सिनॉप्सिस लिहायला बसलाय. साहित्य आणि समाजशास्त्राच्या विभागांतसुद्धा आता सिनेमावरचे विषय खूप येतात. मला वारंवार विचारलं जातं, "ताई, जुने आणि जागतिक चित्रपट बघायचेत, कोणती सेवा घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर आज देते. पण प्रेक्षक म्हणून एक उत्तर आहे आणि संशोधक म्हणून दुसरं, आणि दोन्हींत बराच फरक आहे.

वर्गणीचे आकडे मुद्दाम देत नाही. ते सहा महिन्यांत बदलतात आणि लेख जुना होतो. त्याऐवजी प्रत्येक सेवेला मी पाच प्रश्न विचारते. तिथला सिनेमाचा इतिहास किती सालापासून सुरू होतो? निवड कोण करतं आणि कशाच्या आधारावर? आपण बघतो ती प्रत कुठली, हे कळतं का? सबटायटल कुठल्या भाषेत आहेत? आणि आज पाहिलेला चित्रपट प्रबंध जमा करायच्या दिवशी तिथे असेल का?

मोठ्या सेवा : आजचं सगळं, कालचं थोडं

नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार, झी फाइव्ह या सेवा आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या. गेल्या दहा-पंधरा वर्षांतला मराठी सिनेमा अभ्यासायचा असेल तर यांना पर्याय नाही. पण इथली दुनिया साधारण २००० नंतर सुरू होते. त्याआधीचं जे आहे ते 'सदाबहार' किंवा 'क्लासिक' अशा एका कप्प्यात. त्यात काय असणार हे हक्क कुणाकडे आहेत आणि ते विकत मिळाले का, यावर ठरतं. चित्रपटाच्या महत्त्वाचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

एक उदाहरण घेते, कारण ते मला फार दिवस छळतंय. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल'. २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि ३० एप्रिल २०२१ ला तो नेटफ्लिक्सवर आला. एक मराठी चित्रपट एकाच दिवशी जगभर उघडला. ही गोष्ट साधी नाही.

आता चित्रपट बघा कशाबद्दल आहे. शरद नेरुळकर हा ख्याल शिकणारा तरुण. तो रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवत माई नावाच्या गायिकेची जुनी व्याख्यानं कानात ऐकत असतो. माई कधीच जाहीर गायल्या नाहीत, त्यांचं गाणं कुणी रेकॉर्ड केलेलं नाही. उरलंय ते फक्त बोलणं, तेही गुपचूप टेप केलेलं. शरदची नोकरीही तसलीच : विस्मृतीत गेलेल्या गायकांची जुनी ध्वनिमुद्रणं नव्या माध्यमावर उतरवून विकायची. म्हणजे हा चित्रपट गुरुशिष्यांबद्दल जितका आहे तितकाच अर्काइव्हबद्दलही आहे. काय उरतं, कुणाकडे उरतं आणि जे उरतं त्यावर एखादा मुलगा आपलं आख्खं आयुष्य कसं उभं करतो, ही त्याची गोष्ट. मला तर त्यात संशोधक विद्यार्थीच दिसतो. गुरूचा खोकला, कोपऱ्यातलं हार्मोनियम, आणि कानात सतत एक आवाज, की हा मार्ग पवित्र आहे म्हणून. त्या आवाजाची शहानिशा करायचं धाडस शरदला उशिरा होतं.

माईंचा तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट नेटफ्लिक्सवर आला त्याच्या अकरा दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ ला, त्या गेल्या. सुनील सुकथनकर यांच्यासोबत 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'एक कप च्या', 'कासव' असे चित्रपट त्यांनी केले. माझ्या विषयासाठी तर 'दोघी' टाळून चालणारच नाही. पण 'द डिसायपल' संपला की पडद्यावर पुढचा चित्रपट सुचवला जातो, तो सारखा 'मूड' बघून. हा आवाज कुणाचा, या बाईंनी स्वतः काय केलं, हा रस्ता आपला आपणच शोधायचा. मोठ्या सेवांची माझी मुख्य तक्रार ही आहे. तिथे चित्रपट असतात, पण चित्रपटांमधली नाती नसतात. आणि संशोधन म्हणजे शेवटी नातीच शोधणं असतं.

निवडून देणाऱ्या सेवा : चव चांगली, पण कुणाची?

जागतिक सिनेमाची आवड असणारे हमखास नाव घेतात ते मुबीचं. २००७ मध्ये 'द ओटर्स' नावानं ती सुरू झाली, नंतर नाव बदललं, आणि भारतात ती नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. तिची सुरुवातीची पद्धत गमतीची होती : एका वेळी तीसच चित्रपट, रोज एक नवा येणार आणि रोज एक जुना जाणार. पुढे जुन्या चित्रपटांचा साठाही खुला झाला. पण निवड माणसं करतात, संगणक नाही, हा त्या सेवेचा स्वभाव राहिला.

प्रेक्षक म्हणून मला असल्या सेवेनं फार दिलंय. केन लोच यांचा 'केस' हा १९६९ चा चित्रपट मी अशाच निवडून देणाऱ्या एका सेवेवर पाहिला. स्वतःहून मी तो कधीच शोधला नसता. यॉर्कशायरमधलं कोळशाच्या खाणींचं गाव, शाळेत मार खाणारा बिली आणि त्यानं पाळलेला ससाणा. बघता बघता मला आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आठवायला लागला. तिथे जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. इथेही पक्षी, तिथेही पक्षी, दोघांच्याही हातातून शेवटी काहीतरी हिसकावलं जातं.

पण दोन्ही लागोपाठ पाहिले तेव्हा फरकच जास्त जाणवला. बिलीकडे ससाणा आहे. काही काळ का होईना, तो त्याला शिकवतो, त्याच्याबद्दल वर्गात उभा राहून बोलतो आणि सगळा वर्ग ऐकत राहतो. जब्याला चिमणी मिळतच नाही. त्याच्या वाट्याला डुक्कर आहे, ते पकडताना आख्खं गाव हसायला जमलंय, आणि मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं तेव्हा हातातोंडाशी आलेलं डुक्कर सोडून सगळ्या कुटुंबाला स्तब्ध उभं राहावं लागतं. बिलीचं दुःख वर्गाचं आहे. त्याची शाळा निदान एक तास त्याचं ऐकते. जब्याच्या शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं आणि सावित्रीबाईंचं चित्र आहे, आणि त्याच भिंतीसमोरून ते कुटुंब डुक्कर खांद्यावर टांगून नेतं. जातीचा प्रश्न आला की 'हृदयस्पर्शी बालपट' हा कप्पा कसा अपुरा पडतो, हे मला 'केस' पाहिल्यामुळे नीट कळलं. अशी तुलना डोक्यात सुरू होणं हा निवडून देणाऱ्या सेवेचा खरा फायदा.

आता तोटा. इथे पोचणारा मराठी सिनेमा बहुतेक वेळा व्हेनिस, बर्लिन, टोरांटो अशा वाटेनं आलेला असतो. मग अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'चं काय? १९५९ चा हा तमाशापट पुण्यात एकाच थिएटरात सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. दादा कोंडके यांच्या १९७१ च्या 'सोंगाड्या'चं काय? मराठी सिनेमातलं गाव प्रेक्षकांच्या डोक्यात कुणी उभं केलं असं विचारलं, तर ही नावं आधी घ्यावी लागतील. पण 'जागतिक अभिजात' या चाळणीतून ती खाली गळून पडतात. माझ्या २४ च्या यादीत तमाशापट एकही नव्हता. मी ठरवून वगळला असता तर ती भूमिका ठरली असती. पण मी वगळला नव्हता, तो माझ्यासमोर आलाच नव्हता. वगळणं आणि न दिसणं यांतला हा फरक सिनॉप्सिस लिहिताना लक्षात ठेवा.

जी सेवा आपल्याकडे नाहीच

इंटरनेटवर 'जुन्या सिनेमासाठी सर्वोत्तम सेवा' अशा याद्या वाचल्या तर पहिलं नाव बहुधा क्रायटेरियन चॅनलचं असतं. ती ८ एप्रिल २०१९ ला सुरू झाली, आणि फक्त अमेरिका व कॅनडासाठी आहे. ती सुरू होण्यामागची गोष्ट माहीत असायला हवी. त्याआधी फिल्मस्ट्रक नावाची जुन्या सिनेमाची सेवा होती. २०१६ मध्ये सुरू झाली, रसिकांनी डोक्यावर घेतली, आणि २९ नोव्हेंबर २०१८ ला मालक कंपनीनं ती बंद करून टाकली. मोठमोठ्या दिग्दर्शकांनी विनंत्या केल्या, पण उपयोग झाला नाही. पैसे भरले म्हणजे चित्रपट आपला झाला, हा समज तिथे मोडला. आपण पैसे भरतो ते फक्त खिडकी उघडी राहण्याचे.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत तिच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. पण जळके तुकडेही जपून ठेवले गेले होते. त्यावर वर्षानुवर्षं काम करून क्रायटेरियन आणि अमेरिकेतल्या अकॅडमी फिल्म अर्काइव्ह यांनी, इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेच्या मदतीनं, ती त्रयी २०१५ मध्ये नव्यासारखी करून दाखवली.

हे वाचताना मला आमच्या परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ आठवते. ती १६३२ मध्ये इथून विजापूरला नेली. आजही तिथे बुरुजावर आहे आणि लोक बघायला जातात. आपली वस्तू आपल्या गावात नाही याचं वाईट वाटतं, पण निदान ती आहे. त्यापुढचा प्रश्न जास्त अवघड : ज्या वस्तू कुणी नेल्याच नाहीत आणि इथेही कुणी सांभाळल्या नाहीत, त्यांचं काय?

८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली. प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी जुन्या चित्रपटांच्या मूळ फिल्म त्यात गेल्या. काहींच्या प्रती दुसऱ्या फिल्मवर आधीच उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून आज आपण ते बघू शकतो. पण मूळ निगेटिव्ह आणि नंतरची प्रत यांत जेवढा फरक असतो, तेवढं कायमचं गेलं. कुठल्याही ओटीटीच्या यादीत ही आग दिसत नाही. यादी फक्त उरलेलं दाखवते.

यूट्यूब : सगळ्यात मोठा साठा, सगळ्यात मोठा सापळा

खरं बोलू या. परंड्यात, भूमला, करमाळ्याला बसलेला विद्यार्थी जुना मराठी सिनेमा बघतो तो यूट्यूबवर. मीही तिथेच पाहिला. फुकट आहे, मोबाईलवर चालतं, आणि १९३० च्या दशकापर्यंत मागे जाता येतं. इतिहास किती मागे जातो या प्रश्नावर यूट्यूब बाकी सगळ्यांना मागे टाकतं.

कायद्याची बाजूही समजून घ्या. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्यामुळे 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९) या चित्रपटांवरचा तो हक्क कधीच संपलाय. पटकथा आणि गाणी यांचे हक्क मात्र त्या त्या लेखक-संगीतकारांच्या हयातीवरून वेगळे मोजले जातात, ते प्रकरण निराळं. म्हणूनच प्रभातचे चित्रपट दहा जणांनी दहा वेळा चढवलेले दिसतात.

सापळा असा, की कुणीही चढवतं म्हणून प्रत कुठली हे कुणीच सांगत नाही. सगळ्यात चांगलं उदाहरण 'राजा हरिश्चंद्र'. व्हिडिओखाली साल असतं १९१३. पण फाळक्यांनी हाच विषय १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केला होता, आणि आज जी रिळं उरली आहेत ती त्या दुसऱ्या आवृत्तीतली आहेत, असं विरचंद धरमसी यांच्यासारख्या अभ्यासकांचं मत आहे. आता समजा तुम्ही 'भारतातल्या पहिल्या चित्रपटातली दृश्यरचना' असा शोधनिबंध लिहिला आणि त्या व्हिडिओतल्या चौकटीचं बारकाईनं विश्लेषण केलं. कदाचित तुम्ही चार वर्षांनंतरच्या, जास्त सरावलेल्या फाळक्यांचं विश्लेषण केलं असेल. विश्लेषण उत्तम, पण पुरावा चुकीचा.

दुसरी अडचण वेगाची. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत आणि सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी घेत. तीच फिल्म पुढच्या काळातल्या २४ चौकटींच्या वेगानं उतरवली की माणसं तुरुतुरु पळायला लागतात. 'जुन्या काळी अभिनय फारच भडक होता' असं वाक्य लिहिण्याआधी प्रतीचा वेग तपासा. तिसरी अडचण चौकटीची. त्या काळचा पडदा जवळजवळ चौकोनी, म्हणजे १.३७ ला १ असा होता. टीव्हीच्या रुंद पडद्यावर बसवायला तो कुणी ताणतं, कुणी वरून-खालून कापतं. मी 'संत तुकाराम'च्या दोन प्रती शेजारी लावून बघितल्या. एकीत लोक जाड दिसत होते, दुसरीत कपाळावरचा बुक्काच कापला गेला होता! ज्या चित्रपटात कॅमेरा लोकांच्या चेहऱ्यांवर शांतपणे थांबतो, त्यात चेहराच धड मिळत नसेल तर आपण लिहिणार कशाबद्दल?

टेलिग्रामबद्दलही एक शब्द. तिथून कुणी काय उतरवतं हे सगळ्यांना माहीत आहे, मी उपदेश करणार नाही. पण कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी संशोधक म्हणून त्या प्रतीला आई-बाप नसतो. कुठून आली, किती कापली, सबटायटल कुणी लिहिली, काही सांगता येत नाही. संदर्भ म्हणून ती देताही येत नाही.

सरकारी कपाट

मग सार्वजनिक संस्था काय करतात? माझे बाबा सांगतात, नव्वदच्या आसपास रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांतले चित्रपट लागायचे, खाली सबटायटल असायची. मल्याळम, बंगाली, आसामी. तालुक्याच्या गावात जागतिक नाही, पण निदान देशातला सिनेमा घरात यायचा, फुकट. आणि निवड चांगली असायची.

आज प्रसार भारतीची 'वेव्ह्ज' ही सेवा आहे. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फीत सुरू झाली. दूरदर्शनचा जुना साठा तिथे खुला होतोय, ही चांगली गोष्ट. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, पी. के. नायर यांनी ते उभं केलं. २०२२ पासून ते एनएफडीसीचा भाग आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची घोषणा झाली, ३६३ कोटी रुपयांची. आकडा मोठा आहे. पण माझा प्रश्न दुरुस्तीनंतरचा आहे. नीट केलेली प्रत महोत्सवात एकदा दाखवली जाईल, पुण्या-मुंबईत लोक उभं राहून टाळ्या वाजवतील. ती परंड्यात कधी आणि कशी पोचणार?

जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना १३,००० च्या आसपास संशोधन-पत्रिका मिळायला लागल्या. तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची योजना. म्हणजे अपू त्रयीवरचा जगातला उत्तम लेख मी आता वाचू शकते. चित्रपट मात्र त्यात नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत कनॉपी नावाची सेवा ग्रंथालयाच्या कार्डावर चालते. वाचक घरी बसून चित्रपट बघतो, पैसे ग्रंथालय भरतं. म्हणजे चित्रपट हे ग्रंथालयानं द्यायचं अभ्याससाहित्य आहे असं तिथे मानलं जातं. आपल्याकडे ते अजून करमणुकीतच मोडतं, आणि करमणुकीचा खर्च विद्यार्थ्यानं स्वतः करायचा. बार्टी, सारथी, महाज्योती किंवा जेआरएफ मिळत असेल तर ठीक. नसेल तर तीन सेवांची वर्गणी आणि डेटापॅक मिळून महिन्याचं गणित कोलमडतं.

आणि भाषा. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीनं ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' बघायचा तर इंग्रजी सबटायटल वाचत. जपानीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून डोक्यातल्या डोक्यात मराठी, तोवर पडद्यावरचा चहाचा कप खाली ठेवून झालेला असतो. इतक्या सेवा धुंडाळल्या, मराठी सबटायटल असलेला एकही जागतिक अभिजात चित्रपट मला आजवर भेटलेला नाही. उलट बाजूही बघा. 'फँड्री' हा कैकाडी भाषेतला शब्द. इंग्रजी ओळीत डुकराला फक्त डुक्कर म्हटलं, तर गावाची भाषा आणि घरची भाषा यांतला फरक उरतो का? जब्याला नेमकी लाज कशाची वाटते, हे त्या फरकाशिवाय कळेल का? सबटायटल वाचून अभ्यास करणार असाल तर हे तपासलंच पाहिजे.

मग कोणती सेवा घेऊ?

सरळ उत्तर देते. जागतिक सिनेमाची नजर तयार करायची असेल तर निवडून देणारी एक सेवा वर्षातले तीन-चार महिने घ्या, आणि त्या काळात रोज बघा. समकालीन मराठीसाठी मोठ्या सेवांपैकी तुमच्या यादीतले सर्वाधिक चित्रपट जिथे असतील तेवढी एकच. जुन्या मराठीसाठी यूट्यूब आणि वेव्ह्ज, पण प्रतीबद्दल कायम संशय ठेवून. ज्या चित्रपटावर तुमचं आख्खं प्रकरण उभं असेल, तो मात्र पुण्याच्या संग्रहालयात रीतसर अर्ज करून, जाऊन बघा. परंड्याहून कुर्डुवाडीपर्यंत एसटी, तिथून पुण्याची रेल्वे. वाटेत जेऊर स्टेशन लागतं. दरवेळी खिडकीतून बघते, आणि दरवेळी वाटतं की आपल्या भागाचं गाव पडद्यावर यायला २०१३ उजाडावं लागलं. की त्याआधीही आलं होतं आणि मला दिसलं नाही?

संशोधनासाठी चार सवयी लावून घ्या.

पहिली : यादी ओटीटी उघडून करू नका. आधी कागदावर करा. राजाध्यक्ष आणि विलेमेन यांचा भारतीय सिनेमाचा कोश, जुनी मासिकं, गाईड, गावातले म्हातारे, सगळ्यांना विचारा. मग शोधायला बसा.

दुसरी : यादीत एक रकाना 'न मिळालेले' असा ठेवा. माझ्या वहीत आता तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. काय मिळालं नाही हीसुद्धा सामग्री असते.

तिसरी : प्रत्येक चित्रपट बघताना नोंद करा. तारीख, सेवेचं नाव, एकूण मिनिटं, चौकटीचा आकार, सबटायटलची भाषा. माझ्या तिसऱ्या प्रकरणातला एक चित्रपट लिहिता लिहिता एका सेवेवरून गायब झाला. नोंद होती म्हणून निदान संवादांची मिनिटं तरी हातात राहिली. संदर्भ देतानाही चित्रपटाच्या सालानंतर कुठल्या सेवेवर पाहिला ते लिहा. तुमची प्रत आणि परीक्षकाची प्रत वेगळी असू शकते. आणि संशोधन व समीक्षेसाठी वाजवी वापर करायला कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे, तेव्हा विश्लेषणासाठी एखादी चौकट छापायला उगाच घाबरू नका.

चौथी : संशोधन-पद्धतीच्या प्रकरणात 'उपलब्धता' नावाचा एक परिच्छेद लिहा. मी हे चित्रपट निवडले, हे निवडता आले नाहीत, आणि त्यामुळे माझ्या निष्कर्षांची मर्यादा ही. त्यात कमीपणा काही नाही. लपवलं तर मात्र कुणीतरी सातव्या स्लाइडला विचारतंच.

माझी यादी आता ३१ ची आहे. त्यात तमाशापट आले, 'दोघी' आला, १९९० च्या आधीचे तेरा आहेत. त्यांपैकी पाच मी अजून पाहिलेले नाहीत. त्यांची नावं, सालं आणि कुठे कुठे शोधलं याची नोंद तेवढी आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे. सरांनी परत विचारलं 'हेच का?', तर या वेळी उत्तर आहे. आणि 'हे पाच कुठे आहेत?' विचारलं, तर तो माझ्या प्रबंधाचा पुढचा प्रश्न आहे.

तोवर तुम्ही एवढं करा. तुमच्या विषयाशी संबंधित दहा चित्रपट फोनला हात न लावता कागदावर लिहा. मग शोधा. किती मिळाले ते मोजा, आणि जे मिळाले नाहीत त्यांच्यात काही सारखेपणा आहे का ते बघा. तो सारखेपणा दिसला, की सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद तिथूनच सुरू करा.